शेवटचा घाणा

दिवाळीची चाहूल मला कालनिर्णयावरून लागत नाही, नाकाने लागते. संध्याकाळी जिना चढताना कुणाच्या तरी दारातून चकल्यांच्या तळणीचा वास येतो आणि उरलेल्या पायऱ्या केव्हा संपल्या ते कळतही नाही. जन्मभर मुलांना रसायनशास्त्र शिकवल्यामुळे त्या वासाचे नावगाव मला ठाऊक आहे. पण नुसते नावगाव ठाऊक असून काय उपयोग, हे मला फार उशिरा उमगले.

गोष्ट १९७४च्या दिवाळीची. मी नुकताच पदवीधर झालो होतो आणि ज्ञान कुणाला तरी सांगितल्यावाचून चैन पडू नये असे ते वय होते. आईने चार तास बसून फराळ तळला. उरलेले तेल निवले की ती फडक्यातून गाळून बरणीत भरून ठेवी. त्या दिवशी ती बाहेर गेल्याचे पाहून मी ते सरळ मोरीत ओतले!

ती परत आल्यावर मी व्याख्यानच झोडले. "आई, ते आता तेल राहिलंच नव्हतं. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्लं. ओली चकली पडली की तिच्यातलं पाणी त्यांची ताटातूट करतं. ग्लिसरीन फार तापलं की त्याचं अ‍ॅक्रोलीन होतं. डोळ्यांना झोंबतं ना, ते हेच! हवेतला प्राणवायू मेदाम्लांना गाठतो, त्यांची पेरॉक्साइडं होतात, ती फुटून अल्डिहाइडं. उरलेले तुकडे एकमेकांना चिकटतात, म्हणून तेल दाट होतं, कढईच्या काठाला चिकटा धरतो."

आईने सारे ऐकून घेतले. "एवढं सगळं होतं का रे त्यात?" एवढेच म्हणाली आणि मोरी धुवायला गेली. बहात्तरच्या दुष्काळाची आठवण अजून ताजी होती. ते तेल तिने रांगेत उभे राहून आणले होते.

माझे रसायन चुकले नव्हते, अपुरे होते. पुढे वाचनात आले की, लिनोलेइक नावाच्या मेदाम्लाचे पेरॉक्साइड फुटून जे डेकाडायनल तयार होते, तोच तळणीच्या खमंग वासाचा मुख्य धनी. तेही अल्डिहाइडच! म्हणजे तेल थोडे मोडल्यावाचून दिवाळीचा वास नाही. प्रश्न असतो तो किती मोडू द्यायचे याचा.

आणि तो आईला माझ्या आधी सुटलेला होता. तेलातून धूर निघू लागला की ती आच कमी करी. जळके कण झाऱ्याने वेळच्या वेळी काढी. उरलेल्या तेलात पुन्हा कधी तळत नसे. वास घेऊन फोडणीला वापरी आणि दोन-चार दिवसांत संपवी. फेस येऊ लागलेले किंवा खवट झालेले तेल जाई पणत्यांत. १ जुलै २०१८ पासून आपल्याकडे नियम झाला, की तळणीच्या तेलात असे मोडके ध्रुवीय पदार्थ २५ टक्क्यांहून अधिक झाले तर ते तेल खाण्यासाठी वापरू नये. असे तेल गोळा करून त्याचे जैवइंधन करण्याची योजनाही निघाली. ते वाचून मला आईच्या पणत्या आठवल्या आणि हसू आले.

पण एक बातमी वाचून हसू आले नाही. २००६ साली फ्रान्समधल्या लिआँ शहरी कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत तज्ज्ञ जमले आणि कडक तापल्या तेलात तळताना उठणारी वाफ व धूर बहुधा कर्ककारक आहेत, असे त्यांनी ठरवले. पुरावा मर्यादित होता. पण त्यात चीनमधल्या, कधीही धूम्रपान न केलेल्या स्त्रियांच्या पाहण्या होत्या. चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बायकांच्या!

वाचता वाचता मला आमचे स्वयंपाकघर दिसले. एक लहानशी खिडकी, तीही थंडी येते म्हणून लावलेली. नाकाला पदर, लाल डोळे, मधूनच खोकला. फराळाचे ताट पुढे केले की आई म्हणे, "तळणाऱ्याला नाही रे खाववत." आम्ही हसत असू आणि तिच्या वाटणीची चकली उचलत असू. मी तिला अ‍ॅक्रोलीन समजावून सांगितले होते. पण चार तास ते कुणाच्या छातीत गेले, हे काही माझ्या मनात आले नाही. माझी सारी काळजी खाणाऱ्यांची होती. उठून खिडकी उघडायला रसायनशास्त्र कशाला लागते?

आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. अलीकडे शेवटचा घाणा मी तळतो. खिडकी सताड उघडतो, पंखा लावतो. तरी डोळे झोंबतातच. सूनबाई म्हणते, "बाबा, द्या मी करते." मी झारा सोडत नाही. मग उरलेले तेल गाळतो आणि बरणी नाकाशी धरतो. आईला ठेवायचे की टाकायचे ते क्षणात कळे. मी मात्र बरणी हातात धरून बराच वेळ उभा राहतो.