इंजिनाचा वाफसा

आमच्या मालेगाव तालुक्यात मृगाचा पाऊस पडून गेला की दुसऱ्याच दिवशी कोणी पेरायला धावत नाही. वाफसा यायची वाट पाहतात. मातीची मूठ दाबली की लाडू झाला पाहिजे, अन् टिचकी मारली की तो फुटला पाहिजे. चिखलात टाकलेलं बी सडतं. त्याला पाणी भरपूर असतं, हवा मिळत नाही. सोयाबीनच्या शेतात आठ दिवस पाणी साचलं की पीक पिवळं पडतं, तेही याच कारणानं. इंजिनाचं गणित याहून वेगळं नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. इंजिनाची जी काही अक्कल आली ती विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनापाशी बसून. त्याची हवेची जाळी भुसानं बुजली की ते काळा धूर ओकायचं, अन् साफ केली की पुन्हा खुशीत टुकटुक करायचं.

2024 च्या दिवाळीआधीची गोष्ट. सोयाबीनची मळणी नुकतीच उरकली होती. हमीभाव 4892 रुपये अन् बाजारात 4000 च्या आसपास मागणी, त्यामुळं घरोघरी पोती तशीच पडून होती. माझा पुतण्या संध्याकाळी आला अन् ओट्यावर बसून म्हणाला, "मोठेबाबा, मी गाडी इकून टाकतो. म्हशी बी इकतो. पुन्याले कंपनीत जातो."

गाडी म्हणजे त्याच्या बापाची, माझ्या धाकट्या भावाची, 2004 सालची स्प्लेंडर. भाऊ 2021 मध्ये गेला. तेव्हापासून पोरगा दोन म्हशींचं अन् शेजाऱ्यापाजाऱ्यांचं दूध कॅनमध्ये भरून मालेगावला नेतो. जाणं-येणं मिळून रोजचे 36 किलोमीटर. त्याच्यावरच घर चालतं. भावसून दारात उभी होती, काही बोलत नव्हती. पण पोरगा पुण्याला गेला तर ते घर किती मोठं अन् किती रिकामं होईल, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी विचारलं, "गाडीले झालं काय?"

"लय पेट्रोल पेते. आधी साठचा अ‍ॅव्हरेज देत होती, आता पस्तीसच्या वर जात नाही. काळा धूर मारते. थंडी असली की बरी चालते, गरम झाली की भडभड करते."

त्यानं दोनदा एका गॅरेजात दाखवली होती. तिथं स्क्रू पिळून दिले, कार्बोरेटर उघडून बसवला, अन् तिसऱ्यांदा सांगितलं की नवीन कार्बोरेटर टाक. मी कागदावर हिशेब मांडला. साठच्या हिशेबानं रोज 600 मिली पेट्रोल लागायला पाहिजे, पस्तीसच्या हिशेबानं लिटरभराला थोडं जास्त. म्हणजे रोजचे चव्वेचाळीस-पंचेचाळीस रुपये धुरात. महिन्याला साडेतेराशे. दुधाच्या धंद्यात एवढंच तर उरतं.

गरम झाल्यावर जास्त बिघडते, हे त्यानं सांगितलं तिथंच अर्धं निदान झालं. थंड इंजिनाला पेट्रोल जास्तच लागतं, म्हणून तर आपण सकाळी चोक ओढतो. तापल्यावर तेच जास्तीचं पेट्रोल त्याला झेपत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. लिटरमध्ये मोजलं तर एका लिटर पेट्रोलला 9000 लिटर हवा, म्हणजे आपले 200 लिटरचे 45 ड्रम. एवढी हवा गाडी एका फिल्टरमधून ओढत असते. मग ज्याच्यात बिघाड होतो ते पेट्रोल असेल का हवा, ते आधी पाहावं.

दुसऱ्या दिवशी दूध घालून आल्यावर गाडी अंगणात घेतली. चूल लांब, बिडीवाले त्याहून लांब. पहिल्यांदा प्लग काढला. तव्याच्या बुडासारखी कोरडी काजळी. प्लगचं तोंड फिक्कट विटकरी असलं तर मिश्रण बरोबर, पांढरं असलं तर पेट्रोल कमी, कोरडं काळं असलं तर जास्त. काळं अन् तेलकट असलं तर मात्र इंजिन ऑइल जळतंय, तो रोग वेगळा. मग ऑइलची काडी काढून हुंगली. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. हे वाईट लक्षण. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं अन् ऑइल पातळ करतं. असंच चालू ठेवलं तर पिस्टन-रिंग झिजतात, अन् मग साडेतेराशेचं दुखणं इंजिनच्या कामावर जातं. ऑइल बदलायचं ठरवलं, पण रोग बरा झाल्यावर.

चोकची दांडी वरखाली करून पाहिली. पुरी मिटत होती. कित्येकांची गाडी अर्ध्या चोकवरच वर्षभर फिरते, म्हणून हे फुकटचं काम आधी करावं.

मग फिल्टर उघडला. फोमची जाळी सोयाबीनच्या भुसानं अन् धुळीनं अशी बसली होती की जणू शेणानं सारवली. मळणीच्या दिवसांत गाडी थ्रेशरपाशीच उभी असायची. फिल्टर काढून गाडी स्टँडवर दोन मिनिटं चालू केली. भडभड बरीच कमी झाली, आवाज मोकळा झाला. याचा अर्थ सरळ होता की तिचा श्वास कोंडला होता. मात्र फिल्टर काढून गाडी रस्त्यावर नेऊ नये, आपल्या धुळीत पिस्टन खराब व्हायला वेळ लागत नाही. पूर्वी फोम रॉकेलमध्ये धुवत, आता रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेलमध्ये धुतला. पिळा न घालता नुसता दाबला, वाळवला, इंजिन ऑइलचा हात फिरवून जास्तीचं दाबून काढलं. असं कागदी फिल्टरला करता येत नाही, तो बदलावाच लागतो.

पोरगा म्हणाला, "आता कार्बोरेटर बी खोलू."

मी म्हटलं, "थांब. एकावेळी एकच काम. नाहीतर कशानं गुण आला ते कळनार नाही."

तीन दिवस त्यानं तशीच चालवली अन् वहीत मांडलं. छेचाळीस आला. पस्तीसचे छेचाळीस झाले, पण साठ नाही. म्हणजे उरलेला रोग पेट्रोलकडचा होता.

चौथ्या दिवशी सलाईनची नळी आणली. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला जो निचरा असतो, त्याला ती लावून वर धरली अन् निचऱ्याचा स्क्रू सैल केला. वाटीत पेट्रोल जेवढं, तेवढंच नळीत दिसतं. वाटीच्या सांध्याच्या थोडं खाली थांबायला पाहिजे होतं, ते हळूहळू सांध्याच्या वर चढत गेलं. आपल्या घरच्या टाकीचा गोळा बिघडला की पाणी वाहतं, तसंच हे. वाटी उघडली तर फ्लोटच्या सुईच्या रबरी टोकावर गोल घेर पडला होता, त्यामुळं पेट्रोल बंदच होत नव्हतं. नवी सुई टाकली. किंमत विचाराल तर नव्या कार्बोरेटरच्या मानानं चिल्लर.

पुन्हा तीन दिवस. बावन्न.

मग मी हँडलच्या मुठीवर खडूनं खुणा केल्या अन् त्याला सांगितलं की कुठल्या खुणेवर गाडी अडखळते ते पाहून ये. मूठ थोडीच उघडी असताना लहान जेट काम करतो, मधल्या पट्ट्यात लांब सुई, अन् पूर्ण मुठीला मोठा जेट. तो म्हणाला, अर्ध्या मुठीत जड वाटते. सुई काढली तर तिची क्लिप सगळ्यांत खालच्या खाचेत. क्लिप खाली म्हणजे सुई वर, अन् सुई वर म्हणजे पेट्रोल जास्त. ती मधल्या खाचेत आणली. जेटला मात्र हात लावला नाही, नुसती हवा मारली. जेट पितळेचा असतो. त्यात तार घातली की भोक वाढतं, अन् वाढलेलं भोक पुन्हा लहान होत नाही.

शेवटी हवेचा स्क्रू. इथं बरेच जण फसतात. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर सोडल्यावर हवा वाढते, इंजिनच्या बाजूला असेल तर सोडल्यावर पेट्रोल वाढतं. गाडी गरम करून, जिथं इंजिन सगळ्यांत सुरळीत चालतं तिथं ठेवला. ऑइल बदललं, प्लग ब्रशनं घासला. सत्तावन्न आला. वीस वर्षांच्या गाडीकडून आणखी काय मागावं!

गावात मात्र पारावर सगळे म्हणत होते की इथेनॉलनं गाड्या खराब झाल्या. इथेनॉलवर राग असायला दुसरी कारणं असतील, पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. त्यामुळं ते मिसळलेल्या पेट्रोलनं मिश्रण उलट पातळ पडतं, काळा धूर निघत नाही. दोष द्यायचा तर ज्याचा आहे त्यालाच द्यावा.

1 एप्रिल 2020 पासूनच्या नियमांमुळं नव्या गाड्यांत कार्बोरेटर जवळपास संपला. तिथं सेन्सर मोजतो अन् पेट्रोल सोडतो, आपल्या हाताला काम नाही. पण आमच्याकडं दूध, चारा, खताची पोती अन् पोरांच्या परीक्षा अजून जुन्याच गाड्यांवर वाहिल्या जातात. त्या भंगारात गेल्या तर त्यांच्यामागं एखादं घरही गावातून उठतं.

पोरगा पुण्याला गेला नाही. कायमचा राहील असं मी म्हणत नाही, दुधाचा भाव काही माझ्या स्क्रूड्रायव्हरच्या हातात नाही. पण आता त्याच्या वहीत दुधाच्या लिटरशेजारी पेट्रोलचा रकाना आहे. मळणी सुरू झाली की तो गाडी थ्रेशरपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावतो अन् फिल्टर दर आठवड्याला उघडून पाहतो. परवा गल्लीतलं एक पोरगं त्याच्याकडं काळा प्लग घेऊन आलं. त्यानं प्लग हातात फिरवला अन् पहिला प्रश्न विचारला, "फिल्टर कधी पायला होता?"