व्यास की त्रिज्या?

रिटायर झाल्यावर काकांनी हौसेनं छोटा लेथ घेतला, त्यावर डीआरओ बसवला. हँडलच्या डायलवर वाचायचं म्हणजे बॅकलॅशची कटकट. डीआरओची पट्टी थेट स्लाइडची हालचाल मोजते. मग काय, मी मायक्रोमीटर डबीतच ठेवला!

प्रोजेक्टच्या शाफ्टवर बेअरिंगची जागा 20 मि.मी. हवी होती, होती 20.50. स्क्रीनवर 0.50 येईपर्यंत टूल आत घेतलं, कट मारला. बेअरिंग सरकवलं तर खुळखुळ्यासारखं हललं. व्यास 19.50! स्क्रीन त्रिज्या दाखवत होती; व्यासातून दुप्पट गेलं. सबमिशन दोन दिवसांवर!

काका रागावले नाहीत. नवा बार देत म्हणाले, "स्क्रीन खरंच बोलली रे, तू विचारलंस काय?"

दुसऱ्या शाफ्टला शेवटच्या कटाआधी मायक्रोमीटर लावला. बेअरिंग नीट बसलं. मित्रांनो, आधी व्यास की त्रिज्या ते बघा, मगच हँडल फिरवा!