गॅसकटरने कापलेले दरवाजे

बुडवलेल्या युद्धनौकेत शिरणाऱ्या पाणबुड्याचा जीव एका अनोळखी कारागिराच्या हाती असतो. हा कारागीर बहुधा कधी पाण्याखाली गेलेला नसतो. गोदीत, उन्हात, डोळ्यांवर काळी काच लावून तो नौकेच्या पोलादात भोकं कापत असतो. त्याने भोक कुठे कापलं, केवढं कापलं, कडा घासली की तशीच धारदार सोडली, यावर पुढची कित्येक वर्षं आत जाणाऱ्यांचं सुखरूप बाहेर येणं ठरतं. अशा नौकांत पाणबुड्या म्हणून शिरायच्या माझ्या छंदाविषयी कळलं की लोक मासे आणि अंधार यांबद्दल विचारतात. मला मात्र आधी या कापणीबद्दल बोलावंसं वाटतं.

मी ग्वाल्हेरचा, लष्कर भागात वाढलेला. समुद्र गाठायचा तर आम्हाला गोवा एक्सप्रेस पकडावी लागते. तरी जहाजांच्या इतिहासात आमच्या गावाचं नाव आहे. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंद्यांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही १८९१ सालची प्रवासी बोट विकत घेऊन तिचं रुग्णालय-जहाज केलं आणि नाव ठेवलं ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली आणि आपल्या नव्या कंपनीला नाव दिलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. राष्ट्रीय सागरी दिन आपण पाळतो तो त्याच तारखेला. १९२३ मध्ये ती मुंबईत मोडीत निघाली.

पुढच्या काळातल्या मोठ्या विमानवाहू नौकाही त्याच वाटेने गेल्या. पहिली ‘विक्रांत’ २०१४ मध्ये मुंबईत तोडायला घेतली. ‘विराट’ला कोकणातल्या निवतीजवळच्या समुद्रात उभी करून संग्रहालय करायचं महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजूर केलं होतं, पण २०२० मध्ये ती अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. भंगाराला मी नावं ठेवत नाही. पोलाद वितळून पुन्हा कामी येतं, हा शेवटही मानाचाच आहे. पण दुसरा शेवट शक्य असताना तो नीट करून बघितलाच नाही, याची हळहळ वाटते.

म्हणून ‘गुलदार’चं मला इतकं अगत्य. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारी ही नौका पोलंडमध्ये बांधली गेली आणि १९८५ च्या डिसेंबरअखेर नौदलात आली. १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला ती निवृत्त झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत नौदलाने कारवारला ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन केली, निवती रॉकजवळ बुडवून कृत्रिम प्रवाळभित्ती आणि पाण्याखालचं संग्रहालय करण्यासाठी. लांबी सुमारे ८४ मीटर. पुढे नाळेला उघडणारे दरवाजे, आत रणगाड्यांसाठी लांबलचक मोकळी जागा. पाणबुड्याच्या नजरेने पाहिलं तर रचना उत्तम आहे, कारण भूलभुलैया कमी.

नौका बुडवण्याचं खरं काम ती तरंगत असतानाच होतं. टाक्यांमधलं इंधन आणि तेल काढून टाक्या धुवायच्या. अ‍ॅस्बेस्टॉस काढायचं, सुटणारा रंग खरवडायचा, वर तरंगून येईल असं काही आत ठेवायचं नाही. जुन्या केबलींच्या वेष्टणात पीसीबी नावाची विषारी रसायनं असतात, ती माशांच्या चरबीत साठतात आणि तिथून आपल्या ताटात येतात. अमेरिकेने २००६ मध्ये ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ बुडवली, तेव्हा त्या केबलींतली पीसीबी पूर्ण न काढताच परवानगी दिली. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि मला विरोधकांचं म्हणणं पटतं. माशांना घर द्यायचं म्हणून त्यांना विष द्यायचा अधिकार आपल्याला नाही.

एवढं झालं की कापणी. प्रत्येक खोलीला किमान दोन वाटा हव्यात, आणि आत कुठेही असलो तरी उजेडाचा एखादा तुकडा दिसला पाहिजे. दारं उखडायची, नाहीतर कायमची वेल्ड करायची, कारण अर्धवट लटकलेलं दार सर्वांत घातक. बुडताना हवा बाहेर पडायलाही जागा लागते. तिचा हिशोब चुकला की नौका कलंडते. ‘स्पीगल ग्रोव्ह’ ही अमेरिकी नौका २००२ मध्ये ठरल्या वेळेआधीच उलटी झाली आणि शेवटी उजव्या कुशीवर आडवी पडली. २००५ च्या डेनिस वादळाने तिला सरळ केलं. आत जमीन झालेल्या भिंती एका रात्रीत पुन्हा भिंती झाल्या असतील!

ही कापणी मी पहिल्यांदा अंगाने अनुभवली ती ऑस्ट्रेलियात, डन्सबरोजवळच्या ‘स्वान’वर. माझी बहीण पर्थला असते, तिच्यामुळे हा योग आला. ११३ मीटरची ही नौका १४ डिसेंबर १९९७ रोजी बुडवली, आणि ती तळाला साधारण ३० मीटरवर आहे. दोराला धरून उतरताना आधी डोलकाठी येते, मग हिरवट पाण्यातून ब्रिजच्या, म्हणजे नौका चालवायच्या कक्षाच्या, खिडक्या. आत शिरलं की दोन्ही बाजूंना चौकोनी उजेड ओळीने लावल्यासारखा दिसतो. एका चौकटीच्या कडेवर मी हातमोजा घातलेला हात फिरवला. धार कुठेच लागली नाही, वर शिंपल्यांची, स्पंजांची जाड साय धरली होती. तेव्हा लक्षात आलं की भोक दर हंगामात थोडं थोडं आकसतं. कापताना माणूस आणि सिलिंडर एवढाच अंदाज धरला तर वीस वर्षांनी सिलिंडर अडकेल.

आतलं आमचं काम मुख्यतः काही न हलवण्याचं. शरीर आडवं, सपाट. पाय वर, फ्रॉग किकची छोटीशी हालचाल. श्वासावर उंची ठरते: भरला की बोटभर वर, सोडला की बोटभर खाली. फिनचा एक फटका तळाला लागला की गाळ उठतो आणि स्वतःच्या मनगटावरचा संगणक दिसेनासा होतो. म्हणून रीलची दोरी बाहेर पक्की बांधून मगच आत जायचं. हवेचा एक हिस्सा जायला, एक यायला, तिसऱ्याला हात लावायचा नाही. इंग्लंडच्या व्हिटसँड उपसागरात २००४ मध्ये बुडवलेल्या ‘सिला’मध्येही मोठी भोकं होती. वर्षानुवर्षं आत गाळ साचला, आणि २०२१ मध्ये दोन पाणबुडे बाहेर येऊ शकले नाहीत. कापणारा आपलं काम चोख करून गेला तरी समुद्र त्यात रोज फेरफार करत असतो.

मासे अशा नौकेत जन्माला येतात की आजूबाजूचे फक्त इथे गोळा होतात, हा प्रश्न शास्त्रज्ञांत जुनाच आहे. मला वाटतं, भोवती जाळी टाकायची मुभा असेल तर ती माशांना एका जागी गोळा करणारी सापळ्याची जागा होते. जाळी थांबवली तर आधी कालवं, मग स्पंज, मग गोबरा आणि तांबोशी यांची पिल्लं वाढायला अवधी मिळतो. पण ती जागा निवतीच्या मच्छीमारांच्या हक्काची आहे. त्यांना आधी विचारून, त्यांच्या मुलांना डायव्हिंग शिकवून, त्यांच्याच होड्या वापरून हे व्हावं. तारकर्लीला सरकारी स्कूबा संस्था आहेच.

कोकणात पावसाळ्याचे चार महिने डायव्हिंग बंद असतं आणि नद्या गाळ ओततात. म्हणून ‘गुलदार’च्या नाळेचे दरवाजे काढून टाकावेत आणि मागच्या अंगाला तेवढंच मोठं तोंड कापावं, म्हणजे रणगाड्यांच्या दालनातून प्रवाह आरपार जाईल. प्रत्येक भोकाची जागा आणि माप दाखवणारा नकाशा तिथल्या प्रशिक्षकांकडे असावा. दर ऑक्टोबरात पर्यटकांना सोडण्याआधी अनुभवी पाणबुड्यांनी खोली-खोलीतला गाळ मोजावा. जिथे तो दारापर्यंत आला असेल, तिथे सळ्या बसवून वाट बंद करावी. माशांना सळ्यांमधून जाता येईल, आणि आपण बाहेरून टॉर्च मारून बघू.