यंदाची खिरापत

आश्विन महिना लागला, की माझे मन साताऱ्याच्या आमच्या जुन्या वाड्यात जाऊन बसते. लग्न होऊन मी बंगळूरला आले, त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. यजमानांची नोकरी येथल्या एका कारखान्यात होती. ते निवृत्त झाले, मुलाने येथेच संसार थाटला, आणि बसवनगुडी हेच आमचे गाव झाले. शहाजीराजांना १६३८ साली या शहराची जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी बोल येथल्या कानांना परका नाही. असे असले, तरी हस्त नक्षत्राचा पाऊस पडू लागला म्हणजे पाटावर हत्ती मांडावा, आजूबाजूच्या मराठी मुलींना जमवावे, फेर धरावा, आणि शेवटी डबा वाजवून ‘ओळखा पाहू!’ म्हणावे, असे मला वाटल्यावाचून राहत नाही. आमच्याकडे त्याला हादगा म्हणतात. सूनबाई पुण्याची, ती भोंडला म्हणते. नावावर आमचा वाद होतो, खिरापतीवर होत नाही.

गेल्या वर्षीच्या खिरापतीची आठवण मात्र मला अजून बोचते. आमची नात तेव्हा सात वर्षांची होती. श्रावणात एका रात्री तिची दाढ ठणकू लागली. दंतवैद्यांनी पाहून सांगितले, की दोन दाढा किडल्या आहेत. दाढा भरून झाल्या. पण घरी परतल्यावर आम्ही मोठ्यांनी एकमुखाने ठराव केला, की आजपासून चॉकलेट बंद. ठराव सर्वांचा होता, अंमलबजावणी माझ्याकडे आली. दुपारी मुलगी शाळेतून येते तेव्हा घरात मीच असते ना! मी ते काम फार कसोशीने केले. आज म्हणावेसे वाटते, की नको तितक्या कसोशीने केले.

नवरात्रात एका मैत्रिणीच्या गच्चीवर भोंडला होता. खिरापत म्हणून त्या घरच्यांनी चांदीच्या कागदातली चॉकलेटे वाटली. नातीने हात पुढे केला, तिच्या तळहातावर चॉकलेट पडले, आणि मी ते सर्व मुलींच्या देखत उचलून परत डब्यात टाकले. ‘‘हिला चालत नाही,’’ असेही वर म्हणाले. पोर रडली नाही. नुसती खाली मान घालून उभी राहिली. तिने रडायला हवे होते, असे मला पुढे कितीदा तरी वाटले.

दिवाळीच्या सफाईत तिच्या रंगपेटीच्या तळाशी मला चॉकलेटचे अकरा कागद सापडले. नीट घड्या घालून ठेवलेले. मी ते सूनबाईला दाखवले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘आई, तिनं खाल्लं याचं मला इतकं वाटत नाही. ती लपवायला शिकली, याचं वाटतं.’’

त्या दिवशी माझ्या मनाने घेतले, की पुढच्या वर्षीची खिरापत आपल्या घरची, आणि ती चॉकलेटचीच असेल. मात्र ती आपल्या हातची असेल, तीत काय आहे हे आपल्याला ठाऊक असेल, आणि ती पोर चारचौघींत बसून उजळ माथ्याने खाईल.

वर्ष सरले, आणि यंदा भाद्रपद संपता संपता मी कामाला लागले. माझी पहिली कल्पना कोणत्याही मराठी गृहिणीला सुचेल तीच होती. साखर वाईट, तर गूळ घ्यावा. खजूर पौष्टिक, तर तो कुटून घालावा. वर कोकोची पूड मळून लाडू वळावे. लाडू सुरेख झाले. दाढांच्या तपासणीची वेळ आली तेव्हा मी मोठ्या अभिमानाने चार लाडू डबीत घालून दंतवैद्यांकडे नेले.

त्यांनी एक लाडू खाल्ला, तोंडभर स्तुती केली, आणि मग हसून म्हणाले, ‘‘आजी, लाडू उत्तम आहेत, पण दातांना गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही.’’ त्यांनी जे समजावले ते मला नवे होते, म्हणून येथे लिहिते. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात, आणि ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण थरातील क्षार विरघळवते. लाळ ते हळूहळू निवळते व थराची थोडी डागडुजीही करते. परंतु त्याला साधारण अर्धा तास लागतो. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले आणि ते दाताला किती वेळ चिकटून राहिले, हे अधिक महत्त्वाचे. जेवणानंतर दोन वड्या खाऊन चूळ भरली तर एकदाच आम्ल होते. त्याच वड्या दुपारभर तुकड्या-तुकड्याने चघळल्या तर दात सारा वेळ आम्लातच राहतात. खजूर फळ म्हणून चांगला, पण दाढेच्या खाचेत बसला म्हणजे निघत नाही. त्या मानाने तोंडात विरघळून जाणारे कडवट चॉकलेट बरे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेला सल्लाही त्यांनी सांगितला. वरून घातलेली साखर, मध, गूळ, फळांचा रस या सर्वांतून मिळणारी शक्ती दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असावी, आणि विसाव्या हिश्श्याच्या आत ठेवता आली तर अधिक चांगले. आमच्या नातीच्या वयाला ही विसाव्या हिश्श्याची मर्यादा चहाच्या पाचेक लहान चमच्यांइतकी येते. घरी येऊन मी बाजारच्या दुधाच्या चॉकलेटचे वेष्टन चष्मा लावून वाचले. निम्म्याहून अधिक वजन साखरेचेच होते! पण माझे लाडूही त्याहून फार मागे नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

मग मी खरे चॉकलेट करायचे ठरवले. कोकोचे लोणी, म्हणजे कोको बटर, आणि कोकोची पूड आणली. गूळ मात्र सुटेना. किसलेला गूळ वितळलेल्या लोण्यात घातला आणि ढवळू लागले, तो क्षणात सारे मिश्रण आखडून त्याचा भरड, निस्तेज गोळा झाला. मी हताश होऊन कढईकडे पाहत होते, इतक्यात शेजारच्या कन्नड आजी घटाच्या दिवसांतली चण्याची उसळी घेऊन आल्या. त्यांना नात ‘अज्जी’ म्हणते आणि मला ‘आजी’. त्यांच्याकडे दसऱ्यात गोंबे मांडतात. पायऱ्या-पायऱ्यांवर बाहुल्या, आणि मधोमध राजा-राणीची लाकडी जोडी. बाहुल्या पाहायला आलेल्या प्रत्येक मुलाच्या हातावर काहीतरी खाऊ पडतोच.

अज्जींचे माहेर पुत्तूरकडचे, दक्षिण कन्नड जिल्ह्यातले. त्यांच्या भावाच्या सुपारीच्या बागेत, सुपारीच्या सावलीला कोकोची झाडे आहेत. त्यांनी गोळ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘गूळ घातला? गुळात ओल असते. चॉकलेटला पाण्याचा एक थेंबही सोसत नाही.’’ मग त्यांनीच उपाय सांगितला. आखडलेल्या गोळ्यात थेंब नव्हे, तर भरपूर गरम दूध घातले, की तो पुन्हा मोकळा होतो. वडी होत नाही, पण पिण्याजोगे होते. त्या संध्याकाळी दोन्ही घरांनी पेले भरून कोको प्यायला, आणि पिता पिता अज्जींनी आपल्या माहेरच्या गोष्टी सांगितल्या. कोकोचे फळ फांदीच्या टोकाला न लागता थेट खोडाला लागते. ते फोडले, की बियांभोवती पांढरा आंबटगोड गर असतो. लहानपणी त्या तोच चोखत. बिया पाच-सहा दिवस आंबवून उन्हात वाळवाव्या लागतात, तेव्हा कुठे चॉकलेटचा वास येतो. सुपारी उत्पादकांची सहकारी संस्था कॅम्पको १९७३ साली मंगळूरला निघाली. पुढे कोकोचे भाव कोसळले तेव्हा तिने शेतकऱ्यांच्या बिया विकत घेतल्या, आणि १९८६ साली पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना उभा केला. जी वस्तू मी विलायती म्हणून दूर ठेवीत होते, ती माझ्या शेजारणीच्या माहेरच्या बागेतली निघाली!

जाताना अज्जी हुरीहिट्टाची बरणी ठेवून गेल्या. हुरीहिट्ट म्हणजे नाचणीच्या लाह्यांचे पीठ. नाचणी कर्नाटकाचे अन्न. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो, म्हणजे गाईच्या तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. वडीतल्या चिमूटभर पिठाने हाडे मजबूत होतील असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या खमंगपणामुळे साखर कमी असूनही वडी पोकळ लागत नाही, हे मात्र खरे.

आता कृती सांगते. कोकोचे लोणी १०० ग्रॅम, कोकोची पूड ८० ग्रॅम, अगदी बारीक दळलेली कोरडी साखर ७० ग्रॅम, भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट १०० ग्रॅम, भाजलेले तीळ २० ग्रॅम, नाचणीच्या लाह्यांचे पीठ ३० ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड. भांडी, चमचे, ताट सर्व पुसून पूर्ण कोरडे करावे. लोण्याचा तिसरा हिस्सा किसून बाजूला ठेवावा. पातेल्यात पाणी गरम करून विस्तव बंद करावा, त्यावर दुसरे भांडे बसवून त्यात उरलेले लोणी वितळवावे. वाफ आत जाऊ देऊ नये. त्यात कोको, साखर, मीठ व वेलदोडा चाळून घालावा आणि गुठळी राहणार नाही असे घोटावे. मग भांडे खाली उतरवून, मिश्रण कोमट झाल्यावर किसलेले लोणी थोडे थोडे घालत सतत ढवळावे. थेंब खालच्या ओठाला लावून पाहावा. तो किंचित गार लागला म्हणजे समजावे, की वेळ झाली. लगेच दाणे, तीळ व पीठ मिसळून कागद घातलेल्या ताटात पसरावे आणि घट्ट होत आले, की चाळीस वड्या कापाव्या.

ढवळत गार करण्याचे कारण असे, की कोकोचे लोणी अनेक प्रकारे गोठते. योग्य प्रकारे गोठले तर वडी तकतकीत होते आणि कट्‍कन मोडते. नाहीतर ती मऊ राहते व तिच्यावर पांढुरके डाग येतात. हे डाग बुरशीचे नसतात, वडी खायला हरकत नसते. आमच्या बंगळूरची आश्विनातली गार सकाळ या कामाला फार सोयीची. उन्हाच्या गावी पहाटे करावे.

अशा दहा ग्रॅमच्या एका वडीत पावणेदोन ग्रॅम साखर येते. दोन वड्यांत मिळून चहाच्या लहान चमचाभरही नाही. तरीही हा खाऊच आहे, औषध नव्हे. एका वडीत पन्नास-साठ कॅलरी आहेत, आणि त्यांतला मोठा भाग स्निग्धाचा. म्हणून जेवणानंतर दोन, आणि मग चूळ, हा आमच्या घरचा नियम. वाटण्यापूर्वी आणखी एक काळजी घ्यावी. शेंगदाणा किंवा तीळ काही मुलांना मुळीच सोसत नाहीत. पाहुण्या मुलांच्या आयांना आधी विचारावे.

यंदा आमच्या गच्चीवर भोंडला झाला. नातीने दाणे सोलले होते, तीळ भाजले होते, वड्याही तिनेच कापल्या होत्या. डबा वाजवण्याचा मान अर्थातच तिचा. डबा खुळखुळला, तशी मुली ओरडू लागल्या, ‘‘चिक्की! शंकरपाळे! बत्तासे!’’ एकीलाही ओळखता आले नाही. झाकण उघडले तेव्हा जो गलका झाला, त्यात माझी नात सर्वांत उंच आवाजात सांगत होती, ‘‘आम्ही केलंय! घरी!’’ तिने सर्वांना दोन दोन वड्या दिल्या, मग माझ्याजवळ येऊन एक वडी माझ्या तळहातावर ठेवली. गेल्या वर्षी तिच्या हातावरून मी जे उचलले होते, ते मला आठवले. तिला आठवले असेल का? मी विचारले नाही. एवढेच म्हणाले, ‘‘बाळ, गेल्या वर्षी आजीचं चुकलं.’’ ती म्हणाली, ‘‘माहीत आहे,’’ आणि फेरात पळाली.

सर्व काही एका डब्याने सुटले, असे सांगून मी वाचक भगिनींची फसवणूक करणार नाही. बाजारचे चॉकलेट तिला अजून आवडते, आणि आमची वडी सुरुवातीला कडू लागते असे तिने तोंडावर सांगितले. परंतु परवा शाळेतून आल्यावर दप्तर ठेवता ठेवता ती म्हणाली, ‘‘आजी, आज वर्गात वाढदिवस होता. चॉकलेट मिळालं. मी खाल्लं. चूळ पण भरली.’’ आणि खिशातून कागद काढून तिने माझ्यादेखत केराच्या टोपलीत टाकला.

आता कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी आमच्या बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरेल. मोठ्या नंदीच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांवर ताज्या शेंगांचे ढीग लागतील. आम्ही आजी, अज्जी आणि नात तिघी मिळून शेंगा आणणार आहोत. वड्यांचा पुढचा घाणा ठरला आहे.