कोलू पाटलाचा तलाव आणि आमचा गाळ

ऑनसाइटहून परतलेल्या एका मित्राने परवा इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्याचे फोटो दाखवले. जेमतेम तीन-चारशे वस्ती, एक दगडी चर्च, एक तळं आणि जुन्या घरांवर कोणी बांधलं, कधी बांधलं त्याच्या पाट्या. "तुमच्या गोंदियाकडे आहे का रे असं काही?" म्हणाला. मी "आहे ना" म्हटलं, तेवढ्यात कॉल सुरू झाला आणि उत्तर राहून गेलं. आज शनिवार, म्हणून ते सविस्तर लिहितोय.

आहे. तलाव!

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधपासून फार लांब नाही. बाहेरच्यांना नवेगाव माहीत असतं ते पक्ष्यांमुळे, १९७५ पासूनच्या राष्ट्रीय उद्यानामुळे, नाहीतर मारुती चितमपल्लींच्या लिखाणामुळे. पण तिथला सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव निसर्गाने केलेला नाही, माणसाने बांधलाय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने तो बांधला असं सांगतात. भोवतालच्या सात शिखरांना सातबहिणी म्हणतात आणि त्या बहिणींनीच कोलूला बांधकामात मदत केली अशी गोष्ट आहे. पुढे लोकांनी कोलूचा देव केला, कोलासूर. त्याचं ठाणं तिथेच आहे. इंजिनियरचा देव झाल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी माहीत नाही :)

हे कोहळी लोक तलाव बांधण्यात आणि ऊस लावण्यात मुरलेले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही त्यांची ही ख्याती नोंदलेली आहे. एकटा नवेगावचाच तलाव नाही, पूर्व विदर्भात असे लहानमोठे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. सरकारी कागदावर 'माजी मालगुजारी तलाव', बोलताना 'मामा तलाव'. पुण्यात हे नाव सांगितलं की हमखास "कोणाचा मामा?" असं विचारतात.

आता हे चालतं कसं? उतारावर आडवी मातीची पाळ घालायची (आमच्याकडे तिला पार म्हणतात), वरच्या जंगलातलं पाणी अडवायचं, जास्तीचं सांडव्यावरून खालच्या तलावात जाऊ द्यायचं. पाऊस आमच्याकडे भरपूर, पण धान निसवताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, नेमका दगा देतो. तेव्हा एक पाणी मिळालं तर पीक हाती, नाहीतर तणीस. त्या एका पाण्यासाठी हा सगळा खटाटोप. पंप नाही, वीज नाही, सगळं उतारावर चालतं. तीनशे वर्षांचा अपटाइम म्हणा हवं तर.

पण अपटाइम फुकट मिळत नाही. मालगुजाराच्या काळात पार नीट ठेवणं आणि गाळ काढणं ही त्याची आणि गावाची जबाबदारी असे. मालगुजारी काही चांगली होती असं मला म्हणायचं नाही, वेठबिगारी त्यातच होती. १९५० च्या कायद्याने ती गेली (तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो) ते बरंच झालं. तलाव सरकारचे झाले, गावाचा निस्तार हक्क राहिला. मात्र देखभाल नक्की कोणाची, हे हळूहळू धूसर झालं. कोलूचा देव झाला, त्याला दरवर्षी नारळ फुटतो. पण त्याचं काम करणारी पोस्ट रिकामीच!

सगळीकडे असंच आहे असंही नाही. भंडारा-गोंदियातल्या काही गावांत धीवर समाजाच्या बायकांनी तलावातला बेशरम उपटून मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्यात, मासे परत यावेत म्हणून. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनाही आहे.

आमच्या गावच्या तलावात मात्र गाळच गाळ. गेल्या वर्षी दिवाळीआधी पाणी शेवटच्या बांध्यांपर्यंत पोचलंच नाही, आणि आमच्या बांध्या शेवटच्याच. बाबांचा महिनाभरापूर्वी फोन. "तलावाचं काही खरं नाही बापा. बोअर मारून टाकू का?"

मी म्हटलं, "बाबा, सगळ्यांनी बोअर मारले तर तलावाच्या कामाला येणार कोण? एक वर्ष थांबा."

"तू थांबतोस. धान थांबत नाही."

यावर काय बोलणार? पुण्यात बसून वारसा जपा म्हणणं सोपं आहे, नुकसान त्यांचं होतं. बोअरचे पैसे पाठवतोय. पण मे महिन्यात आठवडाभर सुट्टी टाकली आहे, ग्रामसभेत गाळाचा विषय काढायला. बाबा म्हणतात, विषय दरवर्षी निघतो, गाळ निघत नाही.

बघू. काय होतं ते जूनमध्ये लिहीनच.