पेटी

पेटी स्वभावानं हट्टी. भात्यात वारा भरला की पितळी पत्ती थरथरते आणि ठरलेलाच सूर निघतो. राग कुठलाही असो, तो तसूभर चढत नाही की उतरत नाही. सारंगी गळ्यामागून सरकत जाते. पेटीकडे दोन सुरांमधली वाटच नाही. मींड येत नाही, आणि त्याची खंतही नाही.

तरी सगळीकडे तिलाच बोलावणं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तंबोरा लावता लावता गवई मेटाकुटीला येतो. पेटी मात्र (एखादी पट्टी फुगून अडकली नाही तर) पहिल्या दमाला सुरात. गावोगाव बिऱ्हाड हलवणाऱ्या नाटक कंपन्यांना असाच बिनतक्रार सोबती हवा होता. जन्म पॅरिसचा, तिथल्या देबँनं तिचं पेटंट १८४२ साली घेतलं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पायांचं काम हाताकडे दिलं आणि तिला आपल्या बैठकीत बसवलं.

पियानोला तरी कुठे मींड येते? पण तिकडचं संगीत त्याच्या पट्ट्या ओळखूनच लिहिलेलं. हंगेरीच्या फ्रान्झ लिस्टनं तर एकट्या पियानोची मैफल रूढ केली. इथे पेटीची उभी हयात गवयाच्या बाजूला बसून गेली असती. पण १८८१ साली कोल्हापूरजवळ सांगवड्याला गोविंदराव टेंबे जन्मले. कानावर भिस्त ठेवून शिकलेला हा माणूस भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसला, करवीर दरबारच्या अल्लादियाखाँची पेचदार गायकी त्यानं मनात मुरवली, आणि मग पेटीला एकटीनं मैफल रंगवायला लावलं. ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच, १९११च्या. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ चित्रपटात संगीतही त्यांचं आणि हरिश्चंद्रही तेच.

चांगला वादक पेटीशी भांडत नाही. मींड जिथे हवी तिथे तो शेजारच्या सुराचा नुसता कण लावतो, भात्याचा दाब आवरतो, पुन्हा सोडतो. उरलेली वाट ऐकणाऱ्याचा कान चालून जातो. माझ्या मते ही लबाडी नव्हे, पेटीची नस सापडणं आहे.

विद्वानांना ते पुरेसं नव्हतं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्ससाहेब यांनी तिला बावीस श्रुती शिकवायचा घाट घातला. श्रुतींची पेटी तयारही झाली, पण मैफलीत रुळली नाही. पुढे १९४० साली नभोवाणीनं पेटीला दारच बंद केलं. १९५५ साली गोविंदराव गेले तेव्हाही ते बंदच होतं. १९७१ साली किलकिलं झालं. तेवढ्या वर्षांत एकाही भजनी मंडळानं तिला श्रुती किती येतात, असं विचारलं नव्हतं.