बायको मेली तर नवऱ्याचे काय फोडतात?

नवरा मेला की बाईच्या हातातल्या बांगड्या फोडतात, कपाळ पुसतात, पायातली जोडवी काढतात. बायको मेली की नवऱ्याचे काय फोडतात? काय पुसतात? काहीच नाही. वर्ष उलटायच्या आत "लेकरांकडे कोण पाहील?" म्हणत त्याच्यासाठी पोरगी पाहणे सुरू होते. त्याच घरात बाई मागे राहिली, तर लेकरांकडे पाहायला ती एकटी पुरते. तिने दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तर "लेकरांचा तरी विचार कर" असे तिलाच सुनावले जाते. लेकरांचे नाव घेऊन त्याला लग्नाची वाट मोकळी होते आणि लेकरांचेच नाव घेऊन तिची बंद होते.

हे दुसऱ्यांच्या वस्तीतले आहे असे समजून कोणी निर्धास्त होऊ नये. शहापूर आणि आजूबाजूच्या गावांत काम करताना आम्ही मयतीला जातो, पुण्यानुमोदनाला बसतो. घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते, दारावर पंचशील ध्वज असतो, त्रिशरण-पंचशील झालेले असते. आणि आतल्या खोलीत चार बाया मिळून पाचवीच्या बांगड्या फोडत असतात. विचारले तर म्हातारी म्हणते, "रीत आहे ते बाई, लोक काय म्हनतील?" बाहेर मांडवात बसलेल्या पोरांना विचारले तर ते म्हणतात, "तो बायांचा विषय आहे, बायाच करतात."

"बाईच बाईची शत्रू" हे वाक्य पुरुषांच्या फार सोयीचे आहे. अंत्यविधी किती वाजता, कोणत्या घाटावर, भन्तेजी कोण, शोकसभेत कोण बोलणार, हे सारे पुरुष ठरवतात. मग एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात नसते काय? सरणाची लाकडे मोजून आणणाऱ्या दिराने "वहिनीच्या हाताला कोणी हात लावायचा नाही" एवढे म्हटले, तर ते थांबते. तो म्हणत नाही, कारण त्यात त्याचे काही जात नाही.

दुसरा युक्तिवाद असा की, "तिचीच इच्छा असते." ज्या बाईचा माणूस दोन तासांपूर्वी गेला, तिला त्या घडीला कोणी इच्छा विचारत नाही. आणि ती नाही म्हणाली, तर पुढची वीस वर्षे तिच्या "नाही"चीच चर्चा होते. भीतीपोटी दिलेला हात हा होकार नसतो.

त्या दिवसानंतर रोजची मापे सुरू होतात. ती हसली तर "एवढ्यात विसरली." नवी साडी नेसली तर "कोणासाठी?" फोनवर दहा मिनिटे बोलली तर "कोणाशी?" भावाच्या पोरीच्या लग्नात हळद लावताना तिला मागे उभे करतात. विधुर मात्र त्याच लग्नात फेटा बांधून पाहुण्यांचे स्वागत करतो, आणि लोक म्हणतात, "बिचारा, सावरला."

मित्रांनो, आता आपल्या विचाराकडे येऊ. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही तो अभ्यासाला म्हणून वाचला, पण त्याचा खरा अर्थ मयतीच्या घरी कळला. बाबासाहेब तिथे हाच प्रश्न विचारतात. जातीतल्या जातीतच लग्ने करायची, तर नवरा मेलेल्या बाईचे काय करायचे आणि बायको मेलेल्या पुरुषाचे काय? बाईसाठी व्यवस्थेने सती आणि सक्तीचे वैधव्य काढले. पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. त्याला सक्तीने संन्यासी करणेही परवडत नाही. म्हणून त्याला कमी वयाची मुलगी द्यायची, आणि त्यातून बालविवाह आला. वरच्यांनी हे केले आणि खालच्यांनी त्यांचे अनुकरण केले.

म्हणजे वैधव्याच्या खुणा हा रडारडीचा भाग नाही. जात टिकवणाऱ्या यंत्राचा तो एक दाता आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात महारांत आणि इतर अनेक कष्टकरी जातींत विधवेचा पाट लागत होता. चार पैसे आले, पक्की घरे झाली, तशी आपण वरच्यांची "इभ्रत" उचलली आणि पाटाची लाज वाटू लागली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण समतेची प्रतिज्ञा घेतली. शहापूरहून दीक्षाभूमी दीड-दोन तासांवर आहे. दरवर्षी आपण तिथे जातो, आणि घरी आल्यावर मनूचे काम आतल्या खोलीत फुकटात करून देतो.

हा प्रश्न विदर्भातल्याच एका बाईने फार आधी विचारला होता. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मुलाला मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि वृत्तपत्रे साऱ्या स्त्रीजातीवर तुटून पडली. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली आणि ज्या दोषांसाठी बाईला जबाबदार धरता, ते पुरुषात नाहीत काय, असा जाब विचारला. टीका झाली तेव्हा जोतीराव फुले 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्याच जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. त्यांनी "तो बायांचा विषय आहे" म्हटले नाही.

अलीकडचे उदाहरण पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून राज्यातल्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. चळवळीचे गाव म्हणवणाऱ्या आपल्या वस्त्यांनी तर हे १९५६ नंतर लगेच करायला हवे होते.

"बांगड्यांनी काय फरक पडतो?" असे विचारणाऱ्यांनी पुढचे महिने पाहावेत. जिच्या अंगावरून सगळे उतरवले, तिला घरात "आता हिचे काय उरले?" असेच पाहतात. मग सातबाऱ्यावर वारस नोंद करताना दीर-सासरे हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा मागतात. १९५६ च्या वारसा कायद्यानुसार, आणि तो बौद्धांनाही लागू आहे, नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला मुला-मुलींच्या बरोबरीने वाटा आहे. तिने पुढे लग्न केले तरी मिळालेला तो वाटा जात नाही. हे तिला कोणी सांगत नाही. हात रिकामे करण्याची रीत सातबाऱ्यापर्यंत जाते ती अशी.

म्हणून वस्तीतल्या तरुणांना आमचे सांगणे तीनच गोष्टींचे आहे. विहारात बैठक घेऊन ठराव करा आणि ग्रामसभेतही तो मांडा. मयतीच्या घरी पहिल्या तासात पोहोचा, आणि पोरांनो, तुम्ही स्वतः बोला, बायांवर ढकलू नका. तिसरे, महिनाभरात तिच्यासोबत तलाठ्याकडे जाऊन वारस नोंद करून घ्या, आणि वाचून सांगितल्याशिवाय कोणत्याही कागदावर तिची सही होऊ देऊ नका.

बांगड्या ठेवायच्या की नाही, कुंकू लावायचे की नाही, लग्न करायचे की नाही, हे तिचे तिला ठरवू द्या. विधुराला आपण तेवढे स्वातंत्र्य न मागता देतोच.

जय भीम! जय सावित्री!